चित्रकारांची उतारवयातली चित्रं – नजर गेली, हात थकले तेव्हा त्यांनी काय काढलं?

रेघोटी

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मला एक नाद लागलाय. कुठल्याही जुन्या मोठ्या चित्रकाराचं नाव आलं की त्याचं ते सगळ्यांना माहीत असलेलं चित्र बाजूला ठेवायचं आणि माणूस जाण्याआधीच्या पाच-सात वर्षांत त्याने काय काढलं ते शोधून बघत बसायचं. आणि दरवेळी मी थक्क होते, कारण आपल्या डोक्यात असं असतं की उमेदीच्या काळात माणूस शिखरावर आणि मग उतरण, पण इथे तर उलटंच दिसतं.

सुरुवात झाली सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांपासून. सगळे 'नाइट वॉच'बद्दल बोलतात, ते १६४२ चं, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता, अॅमस्टरडॅममधला नावाजलेला माणूस, १३,००० गिल्डरला (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन) घेतलेलं मोठं घर, घरात चित्रं, शिल्पं, शिंपले, जुनी शस्त्रं, सगळं खच्चून भरलेलं. त्याच वर्षी बायको सास्किया गेली. पुढे कर्ज वाढत गेलं आणि १६५६ मध्ये दिवाळखोरी. घरातल्या वस्तूंची जी यादी झाली ती आजही उपलब्ध आहे, ३६३ नोंदी आहेत तिच्यात, कुठल्या खोलीत काय होतं ते खोलीवार लिहिलंय, आणि वाचताना कुणाच्या तरी घरात परवानगीशिवाय शिरल्यासारखं वाटतं. सगळं विकलं गेलं, घर गेलं, तो भाड्याच्या घरात राहायला गेला. सास्कियानंतरची त्याची जोडीदारीण हेन्ड्रिक्ये आणि मुलगा टिटस यांनी मिळून चित्रांचा व्यापार स्वतःच्या नावावर केला आणि रेम्ब्रां कागदोपत्री त्यांच्याकडे नोकर झाला, म्हणजे सावकारांना त्याच्या नव्या चित्रांना हात लावता येऊ नये. १६६३ ला हेन्ड्रिक्ये गेली, १६६८ ला टिटस गेला, आणि १६६९ च्या ऑक्टोबरमध्ये तो स्वतः.

आता या शेवटच्या वर्षातलं त्याचं स्वतःचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, वय ६३. हात जुळवून बसलाय, चेहरा सुजट, नाकावर प्रकाश, बाकी सगळं तपकिरी अंधारात गेलेलं. क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा कळलं की आधी त्याने हात मोकळे काढले होते आणि हातात कुंचला होता. नंतर तो कुंचला त्यानेच बुजवला. मी हे वाचल्यापासून त्या चित्रातल्या हातांकडेच बघत राहते. का काढून टाकला असेल? कुणी काही म्हणो, मला वाटतं त्याला 'मी चित्रकार' हे सांगायची गरजच उरली नव्हती, नुसता माणूस पुरेसा होता.

लंडनच्याच केनवुड हाउसमधलं दुसरं एक आहे, मागे भिंतीवर दोन मोठी वर्तुळं अर्धी-अर्धी दिसतात ते. त्यात पॅलेट आणि कुंचले आहेत पण ते धरणारा हात जवळजवळ नाहीच, चार-पाच फटकारे मारलेत आणि सोडून दिलंय, पण लांबून बघितलं की हात दिसतो! तरुणपणी हाच माणूस लेसच्या कॉलरचं एकेक भोक काढत होता.

तर माझं म्हणणं असं की ही उतरण नाहीये. नको ते गळून गेलं आणि हवं ते उरलं. तुम्हाला अशी कुठल्या चित्रकाराची शेवटची चित्रं माहीत असतील तर लिहा, नुसती नावं नको, चित्रात काय दिसतं तेही लिहा.

निळसर

रेघोटी, फार छान सुरुवात केलीत. मी मोनेबद्दल लिहितो, कारण तो मला पुस्तकातून नाही तर आईच्या डोळ्यांमुळे कळला.

आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याचं महिन्याभराने होणार होतं. मधल्या काळात ती दिवसभर एक खेळ करायची, एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. म्हणायची, अरे ही भिंत या डोळ्याने पांढरी आहे आणि या डोळ्याने जुन्या वर्तमानपत्रासारखी आहे. तिला कित्येक वर्षं वाटत होतं की भिंतीचा रंगच तसा आहे. मला तेव्हा एकदम मोनेची ती लाल-तपकिरी पुलाची चित्रं आठवली.

जिव्हर्नीच्या बागेतला तो जपानी पूल त्याने १८९९ च्या सुमारास काढला तेव्हा हिरवा-निळा, शांत, पूल आहे हे लहान मूलसुद्धा सांगेल. तोच पूल त्याने १९१८ नंतर परत परत काढला आणि त्यातली काही चित्रं म्हणजे नुसती आग आहे, तांबडा, गंजाचा रंग, मधेच काळपट हिरवा, पूल शोधावा लागतो. १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदू झाल्याचं निदान झालं होतं. त्याच्या आदल्या वर्षी बायको अॅलिस गेली आणि १९१४ मध्ये मोठा मुलगा जाँ गेला, म्हणजे सगळं एकाच वेळी. रंग ओळखता येईनात म्हणून ट्यूबवरची लेबलं वाचून रंग घ्यायचा आणि पॅलेटवर रंगांची जागा ठरलेली ठेवायची, म्हणजे डोळ्याने नाही, जागेने ओळखायचं.

ऑपरेशनला तो तयारच नव्हता, घाबरायचा. क्लेमांसो, म्हणजे पहिल्या महायुद्धातला फ्रान्सचा पंतप्रधान, त्याचा जिवलग दोस्त होता आणि मुळात शिकलेला डॉक्टर, त्याने मागे लागून लागून तयार केलं. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं झालं. तेव्हा डोळ्यात नवीन भिंग बसवायची सोय नव्हती, मोतीबिंदू काढायचा आणि जाड चष्मा द्यायचा. मग त्याला सगळं फार निळं दिसायला लागलं, त्याने चिडून पत्रं लिहिली, पिवळसर काचांचे चष्मे करून बघितले. डावा डोळा मात्र त्याने शेवटपर्यंत करू दिला नाही.

आणि हे सगळं चालू असताना तो काय करत होता, तर पाण्यातल्या कमळांची ती अवाढव्य चित्रं. युद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, त्याने क्लेमांसोला लिहिलं की दोन चित्रं देशाला द्यायची आहेत. दोनाची वाढत वाढत पॅरिसच्या ऑरेंजरी संग्रहालयातल्या दोन लंबवर्तुळाकार खोल्या भरून आठ रचना झाल्या, सगळी एकापुढे एक धरली तर ९० मीटरच्या वर लांबी आणि उंची दोन मीटर. जिवंतपणी त्याने ती हातावेगळी केलीच नाहीत, अजून जरा, अजून जरा करत राहिला. डिसेंबर १९२६ मध्ये तो गेला आणि मे १९२७ मध्ये त्या खोल्या लोकांसाठी उघडल्या.

शंकेखोर

दोन्ही प्रतिसाद आवडले. पण एक शंका आहे आणि ती मला बरेच दिवस छळतेय, म्हणून इथे विचारतो.

स्पेनमध्ये राहून काम केलेल्या एल ग्रेकोची माणसं उंच-बारीक ओढल्यासारखी दिसतात हे सगळ्यांना माहितीये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्यांच्या डॉक्टरांमध्ये एक मत पसरलं की त्याच्या डोळ्यात दोष असणार, त्याला सगळं लांबट दिसत असणार म्हणून त्याने लांबट काढलं. ऐकायला पटतं. पण विचार करा, माणूस त्याला लांबट दिसत असेल तर कॅनव्हासवर काढलेला माणूसही त्याच डोळ्यांनी लांबटच दिसणार ना? मग समोरच्याशी जुळेपर्यंत काढला तर कॅनव्हासवर तो बरोब्बर नेहमीच्या मापाचाच उतरेल. म्हणजे डोळ्याचा दोष चित्रात उतरूच शकत नाही. एल ग्रेकोने ती माणसं तशी काढली कारण त्याला तशीच हवी होती, टोलेडोत वय वाढत गेलं तशी ती जास्तच ज्वाळेसारखी होत गेली, 'लाओकून' बघा, शेवटच्या चार-पाच वर्षांतलं आहे.

आता हाच न्याय मोनेला लावा. त्याला तळं पिवळट दिसत होतं तर रंगही पिवळटच दिसत होते, कॅनव्हासही. मग चित्र लाल का झालं?

मला मोनेच्या दुखण्याबद्दल सहानुभूती आहेच, पण प्रत्येक मोठ्या चित्रकाराच्या चित्राखाली आजाराचा कागद जोडायची सवय मला बरोबर वाटत नाही. त्यात त्या माणसाची निवड पुसली जाते.

निळसर

शंकेखोर, शंका एकदम रास्त आहे, मीही यावर बरंच वाचलंय. फरक असा आहे की आकार लांबट दिसला तरी लांबट आणि आखूड यातला फरक त्याला कळतच होता. मोतीबिंदूत मात्र फरक कळायचाच बंद होतो. जुना पिकलेला मोतीबिंदू निळा-जांभळा प्रकाश आत येऊच देत नाही, मग गडद निळा आणि गडद हिरवा आणि काळपट सगळं एकच. ज्या दोन रंगांतला फरकच दिसत नाही ते जुळवणार कसे? तिथे मग लेबल आणि आठवण. शिवाय मोने म्हातारपणी समोर बघून कमी आणि स्टुडिओत आठवणीतून जास्त रंगवत होता, म्हणजे जुळवायला समोर काही नव्हतंच.

पण तुमचं निवडीचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. कारण ऑपरेशननंतर त्याने जुनी चित्रं परत बघितली, काही नष्ट केली, काहींवर परत काम केलं. आणि तरी काही लाल पूल त्याने ठेवले. ठेवले म्हणजे ती त्याची चित्रं.

काळी_शाई

धागा वाचून राहवलं नाही. स्पेनच्या गोयाशिवाय हा विषय पुराच होणार नाही.

१७९२ च्या अखेरीस गोया भयंकर आजारी पडला, वय ४६, वाचला पण कान कायमचे गेले. त्याआधी तो राजवाड्यासाठी सहलीची, पतंग उडवणाऱ्या पोरांची, छत्र्या घेतलेल्या बायकांची चित्रं काढायचा, छान हसरी. बहिरा झाल्यावर राजाचा चित्रकार म्हणून काम चालूच राहिलं पण त्याच्या आतलं जग बदललं, ते 'काप्रिचोस'च्या छापांमध्ये दिसतं.

मग १८१९ मध्ये त्याने माद्रिदच्या बाहेर एक घर घेतलं. त्याच वर्षी परत जीवघेणं दुखणं. डॉक्टर आरिएताने वाचवला. आणि त्या बरं होण्याचं चित्र गोयाने १८२० मध्ये काढलं ते मला त्याच्या सगळ्या चित्रांत प्रिय आहे. अंथरुणात मागे रेललेला गोया, मान टाकलेली, मुठीत चादर घट्ट धरलीय, आणि मागून डॉक्टरांनी त्याला एका हाताने सावरलंय आणि दुसऱ्या हाताने औषधाचा पेला तोंडाशी नेलाय. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ती 'घ्या बघू एवढं' अशी हळवी जबरदस्ती आहे. खाली त्याने लिहिलंय की वयाच्या ७३ व्या वर्षी, १८१९ च्या शेवटी आलेल्या धोक्याच्या आजारातून ज्या कौशल्याने आणि काळजीने आरिएताने माझा जीव वाचवला त्याबद्दल मित्राला कृतज्ञतेने. ज्यांनी रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून काढलीय त्यांनी हे चित्र एकदा बघाच, ती मूठ तुम्हाला ओळखीची वाटेल.

आणि त्याच सुमाराला, त्याच घरात, भिंतींच्या गिलाव्यावर थेट तैलरंगात त्याने ती १४ 'काळी चित्रं' काढली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायची नव्हती, एकालाही त्याने नाव दिलं नाही, आज आपण जी नावं घेतो ती सगळी दुसऱ्यांनी नंतर दिलेली. मुलाला खाणारा सॅटर्न सगळ्यांना माहीत असतो. मला तो कुत्रा जास्त छळतो. उभ्या चित्राचा बहुतेक सगळा भाग नुसता मातकट पिवळा, रिकामा, आणि खाली एका तिरप्या उतारामागून कुत्र्याचं फक्त डोकं दिसतं, वर बघतोय. काय बघतोय माहीत नाही. बुडतोय की लपलाय की वाट बघतोय, काहीच सांगितलेलं नाही.

१८७४ नंतर ती चित्रं भिंतीवरून सोडवून कॅनव्हासवर उतरवली गेली, त्यात बरंच नुकसान झालं, डागडुजी झाली, आणि मग ती माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आली. म्हणजे आपण बघतो ते थोडं जखमी झालेलंच आहे हे लक्षात ठेवायला हवं.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. ७८ व्या वर्षी हा माणूस स्पेन सोडून फ्रान्समध्ये बोर्दोला गेला, बहिरा, भाषा येत नाही, आणि तिथे जाऊन लिथोग्राफीत शिरला, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायची तेव्हाची अगदी नवी पद्धत. बैलांच्या झुंजीचे चार मोठे छाप केले. त्याच काळात एका पत्रात त्याने लिहिलंय की ना नजर, ना हात, ना लेखणी, ना दौत, सगळ्याचीच वानवा, फक्त इच्छा तेवढी मुबलक आहे. आणि काळ्या खडूतलं एक छोटं चित्र आहे, पांढऱ्या लांब दाढीचा म्हातारा दोन काठ्या टेकत चाललाय, अंधारातून पुढे येतोय, वर कोपऱ्यात दोन शब्द, 'आउन आप्रेन्दो', म्हणजे अजून शिकतोय. १८२८ मध्ये गोया बोर्दोलाच वारला.

पाऊलवाट

काळी_शाई, कुत्र्याबद्दल +१०००. मी ते चित्र बरीच वर्षं मोबाईलवर वॉलपेपर म्हणून ठेवलं होतं.

माझ्याकडून फ्रान्स हाल्स. हार्लेमचा. ऐंशी ओलांडल्यावर, १६६४ च्या सुमारास, त्याने वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांची दोन मोठी चित्रं काढली, एक पुरुषांचं आणि एक बायकांचं. लोक सांगतात की तो स्वतःच त्या आश्रमात राहत होता आणि त्याने सूड घेतला वगैरे, ते खरं नाहीये, तो तिथे कधी राहिला नाही, त्याला शहराकडून वर्षाला २०० गिल्डर निवृत्तिवेतन मिळत होतं. मात्र त्या आश्रमाच्या इमारतीत आज त्याच्याच नावाचं संग्रहालय आहे आणि ती चित्रं तिथेच टांगलेली आहेत, हे मात्र खरं.

बायकांच्या चित्रात काळे कपडे, पांढऱ्या कॉलरी, आणि हात. त्या हातांकडे बघा. एकीचा हात मांडीवर उताणा पडलाय, हाडं आणि कातडी, चार फटकाऱ्यांत काढलाय आणि त्यात तिचं सगळं आयुष्य आहे. व्हॅन गॉगने भावाला लिहिलं होतं की हाल्सकडे सत्तावीस काळे रंग असणार. ते चित्र मोठं करून बघितलं की पटतं, काळ्यात निळा काळा, तपकिरी काळा, चकचकीत, मळकट, सगळे आहेत.

रेघोटी

केवढं काय काय आलंय! काळी_शाई, तो मुठीतला चादरीचा कोपरा मी आजवर नीट बघितलाच नव्हता, आत्ता उघडून बघितला. आभार.

व्हॅन गॉगचा विषय निघालाच आहे तर, १८८५ मध्ये अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम नुकतंच उघडलं होतं, तो एका मित्राबरोबर बघायला गेला आणि रेम्ब्रांच्या 'ज्यूइश ब्राइड'समोर बसला तो उठेच ना. मित्र सगळं बघून परत आला तरी हा तिथेच. आणि म्हणाला की या चित्रासमोर कोरड्या पावाच्या तुकड्यावर दोन आठवडे बसायला मिळालं तर आयुष्याची दहा वर्षं देईन. तेही चित्र रेम्ब्रांच्या शेवटच्या चार-पाच वर्षांतलंच. त्या पुरुषाच्या सोनेरी बाहीवर रंगाचे थर इतके जाड आहेत की ते सपाट चित्र राहतच नाही, भिंतीला लिंपल्यासारखं झालंय, पण बाईच्या छातीवर ठेवलेल्या हातावर तिने आपली बोटं टेकवलीत ती इतकी हलकी! एकाच चित्रात दोन्ही.

टिशियनबद्दलही लिहायचं होतं. त्याच्या शिष्यवर्गातल्या पाल्मा इल जोव्हाने याने सांगितलेली आणि नंतर बोस्कीनीने लिहून ठेवलेली हकिगत आहे की म्हातारपणी तो चित्राचा पाया घालायचा आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून द्यायचा, कित्येक महिने बघायचासुद्धा नाही. मग परत काढून एखाद्या शत्रूकडे बघावं तसं त्याच्याकडे निरखून बघायचा, कुठे दोष सापडतो का. आणि शेवटी शेवटी कुंचल्यापेक्षा बोटांनीच जास्त रंगवायचा. १५७६ मध्ये व्हेनिसमध्ये प्लेगची साथ होती तेव्हा तो गेला. स्वतःच्या थडग्यासाठी म्हणून जो 'पिएता' (मृत ख्रिस्ताला जवळ घेतलेली मेरी) काढत होता तो अर्धवट राहिला, पाल्माने हात लावून पुरा केला. त्यात अर्धवस्त्रातला एक म्हातारा गुडघ्यावर येऊन ख्रिस्ताच्या निर्जीव हाताला स्पर्श करतोय, तो टिशियन स्वतः असं मानतात.

शंकेखोर

टिशियनवरच अडतो मी, आणि हे मुद्दाम विरोधाला विरोध म्हणून नाही.

ज्या चित्रांना आपण 'उतारवयातली मोकळी शैली' म्हणतो त्यातली काही नुसती अपुरी राहिलेली असू शकतात. टिशियनच्या स्टुडिओत तो गेला तेव्हा कामं पडून होती. 'मार्सियासची सोलणी' पूर्ण की अपूर्ण यावर अभ्यासक अजून भांडतात, सही आहे म्हणून पूर्ण म्हणणारे आहेत. धूसर कडा आपल्याला आवडतात कारण आपण मोने-देगाच्या नंतर जन्मलो, आपला डोळा तसा घडलाय. त्याला स्वतःला ती चित्रं तशी घराबाहेर जाऊ द्यायची होती का, हे विचारायला हवं.

आणि रेघोटी, रेम्ब्रांबद्दल एक छोटी दुरुस्ती. 'नाइट वॉच' लोकांना आवडलं नाही आणि तिथून तो बुडाला ही गोष्ट खोटी आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत हे खरं, पण वाचणाऱ्याच्या मनात ती येतेच. त्या चित्राचे त्याला चांगले पैसे मिळाले होते. आणि दिवाळखोरीनंतरही मोठी कामं मिळत होती, कापड तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचं ते 'सिंडिक्स' १६६२ चं आहे. नगरभवनासाठी काढलेलं 'क्लॉडियस सिव्हिलिस' मात्र परत आलं. मूळ चित्र साधारण साडेपाच मीटर लांब-रुंद, ते कापून आता जेमतेम दोन बाय तीन मीटरचा मधला तुकडा उरलाय, स्टॉकहोमला. म्हणजे एकाकी, विसरला गेलेला म्हातारा असं सरसकट चित्र नको. काही लोकांना तो हवा होता, काहींना नको होता.

रेघोटी

दुरुस्ती मान्य, आणि बरं झालं लिहिलंत. अपुऱ्या चित्रांचा मुद्दाही खरा आहे. पण केनवुडच्या त्या हाताबद्दल मला तुमचं पटत नाही. चेहऱ्यावर थरावर थर चढवून काम केलंय, नाक, कपाळ, डोळ्याखालच्या पिशव्या, सगळं सावकाश, आणि हात सोडून दिलाय. वेळ नव्हता असं नाही, वेळ कुठे द्यायचा ते ठरवलं होतं. अपुरं असतं तर सगळीकडे सारखं अपुरं असतं.

कातरवेळ

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मला संधिवात आहे, हाताचा, सकाळी कपाची कडी धरता येत नाही असे दिवस असतात, म्हणून रेन्वारबद्दल मी लिहिलंच पाहिजे.

त्याला संधिवात पन्नाशीतच लागला. दक्षिणेकडे उबदार हवेत, काग्नला जाऊन राहिला, शेवटची सात-आठ वर्षं चाकाच्या खुर्चीत. सगळीकडे असं लिहिलेलं असतं की कुंचला त्याच्या हाताला बांधायचे. तसं नव्हतं. बोटं आत वळून तळव्यात रुतत होती, कातडी सोलवटायची, म्हणून पट्ट्या गुंडाळलेल्या असायच्या. कुंचला दुसरं कुणीतरी हातात द्यायचं आणि तो वळलेल्या बोटांत धरायचा. १९१५ मध्ये घेतलेली छोटीशी फिल्म आहे, त्यात दिसतं, मुलगा शेजारी उभा, आणि रेन्वार छोटे छोटे, टोचल्यासारखे फटकारे मारतोय, मधेच सिगरेट, मधेच कुणाशी तरी बोलतोय. ती फिल्म मी अनेकदा बघितलीय. मला त्यात दुःख नाही दिसत, माणूस कामात आहे एवढंच दिसतं. मोठ्या कॅनव्हाससाठी रुळांची सोय केली होती, कॅनव्हास वरखाली सरकवायचा म्हणजे हात वर न्यायला लागू नये. १९१९ मध्ये गेला, आणि शेवटचं मोठं 'बेदर्स' त्याआधी थोडेच महिने पुरं झालेलं. ते चित्र मला स्वतःला फारसं आवडत नाही, अंगं फार फुगीर, रंग फार गुलाबी, पण कुठे म्हणून दुखणं दिसत नाही त्यात, आणि ते त्याने ठरवून दिसू दिलं नाही असं मला वाटतं.

त्याच्या शेवटच्या काळात मातीस त्याला भेटायला जायचा, तेव्हा चाळिशीतला. पुढे १९४१ मध्ये मातीसच्याच पोटाचं कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर ईझलसमोर उभं राहणं कठीण, मग त्याने कात्री घेतली. मदतनीस मुली कागद रंगवून द्यायच्या, तो अंथरुणात नाहीतर खुर्चीत बसून कागद कापायचा, आणि त्याच्या सांगण्यावरून त्या भिंतीवर टाचण्यांनी लावायच्या, जरा वर, जरा डावीकडे. 'गोगलगाय' हे १९५३ चं आहे, जवळजवळ तीन मीटर लांब-रुंद, नुसते रंगीत कागदाचे तुकडे गोल फिरलेत. त्याची शुश्रूषा केलेली एक मुलगी पुढे नन झाली, तिच्यामुळे व्हाँसच्या चॅपेलचं काम त्याने अंगावर घेतलं आणि तिथल्या भिंतींची रेखाटनं लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून सराव करून काढली.

माझ्यापुरतं सांगते, मी पूर्वी बारीक नक्षीकाम करायचे, ते सुटलं, वर्षभर काहीच केलं नाही. आता मोठा कागद आणि जाड खडू घेते. मातीसमुळे घेते असं नाही म्हणणार, पण त्याची कात्री डोळ्यासमोर असते.

काळी_शाई

कातरवेळ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं वाटलं. खडूतलं काही दाखवावंसं वाटलं तर इथे टाका, आम्ही वाट बघतोय.

देगाचं नाव राहिलं. त्याची नजर तिशी-चाळिशीपासूनच बिघडत गेली. पेस्टलचे फटकारे रुंद होत गेले, केस विंचरणाऱ्या बायकांची पाठ आणि हात, एवढंच. आणि डोळ्यांनी जमेना तेव्हा मेणात, मातीत, बोटांनी घोडे आणि नर्तकी करत राहिला. त्यातली एकच, ती चौदा वर्षांची नर्तकी, त्याने १८८१ मध्ये लोकांना दाखवली होती. १९१७ मध्ये तो गेल्यावर स्टुडिओत दीडशेच्या आसपास मूर्ती सापडल्या, कित्येक मोडलेल्या. ब्राँझमध्ये आपण बघतो ते सगळं नंतर ओतलेलं.

पाऊलवाट

जपानच्या होकुसाईला विसरू नका रे. ती जगप्रसिद्ध लाट त्याने सत्तरीच्या आसपास काढली. आणि ७० च्या वर गेल्यावर लिहून ठेवलं की सत्तरीपर्यंत काढलेल्यात सांगण्यासारखं काही नाही, ७३ ला प्राण्या-पक्ष्यांची, झाडांची घडण थोडीफार कळली, ८० ला अजून कळेल, ९० ला आतला अर्थ, १०० ला काहीतरी अद्भुत, आणि ११० ला माझा एकेक ठिपका, एकेक रेघ जिवंत होईल. सही करायचा 'चित्रवेडा म्हातारा' म्हणून. १८४९ मध्ये गेला, जपानी मोजणीने नव्वदाव्या वर्षी.

शंकेखोर

सगळे पुरुषच आले आत्तापर्यंत, म्हणून हे एक.

सोफोनिस्बा आंग्विसोला, क्रेमोनाची. सोळाव्या शतकात चित्रकार म्हणून नाव कमावलेली बाई, स्पेनच्या दरबारात राणीला चित्रकला शिकवायला होती, उत्तम व्यक्तिचित्रं काढायची. आयुष्याच्या शेवटी ती सिसिलीत पालेर्मोला राहत होती. जुलै १६२४ मध्ये तरुण चित्रकार व्हॅन डाइक, वय पंचवीस, तिला भेटायला गेला. त्याची ती स्केचबुक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात त्या दिवसाचं पान आहे. वर खुर्चीत बसलेली, डोक्यावरून वस्त्र घेतलेली म्हातारी, पटापट काढलेली, आणि भोवती इटालियनमध्ये त्याने लिहिलंय. तिचं वय ९६ असं लिहिलंय, अभ्यासक नव्वदीच्या थोडं पुढे धरतात. लिहिलंय की नजर गेलीय पण स्मरणशक्ती आणि बुद्धी तल्लख आहे, आणि चित्र दाखवलं की नाक अगदी जवळ नेऊन बघते आणि थोडंफार कळतं तिला.

आणि मग, तो तिचं चित्र काढत असताना तिने त्याला सूचना केल्या. प्रकाश फार वरून घेऊ नकोस, नाहीतर सुरकुत्यांच्या सावल्या फार गडद पडतील.

डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं तिला. पण खोलीत खिडकी कुठे आहे, उजेड कुठून येतोय आणि तो आपल्या चेहऱ्यावर कसा पडणार, हे तिला बसल्या जागी माहीत होतं.

रेघोटी

शंकेखोर, आत्ताच ते पान शोधून काढलं. उजेड खरंच बाजूने घेतलाय त्याने. ऐकलं तिचं.